नॉर्थंब्रियाचे राजे, त्यांचे सरदार आणि दोन घराण्यांचे वैर

ख्रिस्तसभेच्या हुतात्मावलीत ५ ऑगस्ट या तारखेस संत ऑस्वाल्ड या राजाचे स्मरण केले जाते. इ. स. ६४२ मध्ये याच दिवशी तो रणांगणावर मारला गेला. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, २० ऑगस्ट रोजी, त्याच भूमीतील आणखी एका राजाचा स्मरणदिन येतो. तो म्हणजे संत ऑस्विन. त्याला मात्र रणांगणावरील मरण लाभले नाही. विश्वासाने एका सरदाराच्या घरी आश्रय घेतला असता त्याचा खून करण्यात आला. खुनाचा हुकूम सोडणारा राजा ऑस्वी हा संत ऑस्वाल्डचा धाकटा भाऊ होता. मारणारा आणि मरणारा दोघेही स्नानसंस्कार झालेले ख्रिस्ती होते. एवढेच नव्हे, तर इंग्लंडच्या ख्रिस्तसभेने रोमच्या परंपरेशी जे नाते जोडले, त्याचा निर्णय पुढे तेरा वर्षांनी याच ऑस्वीच्या मुखातून आला.

ऑस्वाल्ड, ऑस्विन, ऑस्वी ही नावे वाचताना गोंधळ होणे स्वाभाविक आहे. त्या काळी राजघराण्यांत मुलांची नावे एकाच अक्षराने सुरू करण्याची प्रथा होती. वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की ऑस्वाल्ड आणि ऑस्वी हे भाऊ, तर ऑस्विन प्रतिस्पर्धी घराण्यातला.

राज्य आणि त्याची माणसे

सातव्या शतकात इंग्लंड नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वात नव्हते. अँग्लो-सॅक्सन लोकांची केंट, वेसेक्स, ईस्ट अँग्लिया, मर्सिया अशी वेगवेगळी राज्ये होती. हंबर नदीच्या मुखापासून उत्तरेकडे पसरलेले राज्य ते नॉर्थंब्रिया. हे राज्यही मुळात दोन राज्ये जोडून झालेले होते. दक्षिणेस देइरा, ज्यात यॉर्क हे जुने रोमन शहर येत असे. आणि उत्तरेस बर्निशिया, ज्याचा राजगड बॅमबरो येथे समुद्रकाठच्या खडकावर उभा होता. दोन्ही भागांची राजघराणी निराळी होती आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. या लेखाचा विषय असलेले वैर ते हेच.

या इतिहासाची माहिती आपल्याला प्रामुख्याने मिळते ती संत बीड यांच्याकडून. जॅरो येथील मठात आयुष्य वेचलेल्या या विद्वान धर्मगुरूंनी इ. स. ७३१ मध्ये इंग्लिश लोकांच्या ख्रिस्तसभेचा इतिहास पूर्ण केला. १८९९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्यपद बहाल केले. बीड स्वतः नॉर्थंब्रियाचे. आपल्या राजांविषयी त्यांना अभिमान आहे, पण ऑस्विनच्या खुनाविषयी लिहिताना त्यांनी शब्द सौम्य केलेले नाहीत.

राजाच्या भोवती सरदारांचे कडे असे. त्यांतील ज्येष्ठ, स्वतःची जमीन व वाडा असलेल्या सरदाराला ‘गेसिथ’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ सोबती असा आहे. राजाच्या पदरी राहून त्याच्यासोबत जेवणारा, झोपणारा आणि लढणारा तरुण शिलेदार म्हणजे ‘थेन’. काही वर्षे चाकरी केल्यावर त्याला जमीन मिळे आणि मग तो लग्न करून स्थिरावत असे. राजाच्या वतीने प्रांताचा कारभार पाहणारा ‘एल्डरमन’, तर गावागावांतून राजाचा वसूल गोळा करणारा व त्याचे हुकूम बजावणारा ‘रीव्ह’. राजधानी अशी एका जागी नसे. राजा आपल्या लवाजम्यासह एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाकडे फिरत राही आणि त्या त्या भागातले धान्य, मांस व मद्य तिथेच संपवीत असे.

या व्यवस्थेचा पाया दोन कर्तव्यांवर उभा होता. धन्यासाठी प्राण देणे हे पहिले आणि आप्ताच्या खुनाचा सूड घेणे हे दुसरे. सूड नको असेल तर खून करणाऱ्याने मृताच्या दर्जानुसार ठरलेली रक्कम त्याच्या नातलगांना द्यायची आणि त्यांनी ती स्वीकारायची. ही भरपाई घेणे कमीपणाचे वाटणारेही पुष्कळ असत.

परागंदा राजपुत्र

बर्निशियाचा राजा एथेलफ्रिथ याने सुमारे इ. स. ६०४ मध्ये देइरा गिळंकृत केले. तिथली राजकन्या आचा हिच्याशी त्याने विवाह केला. पण तिचा भाऊ एडविन याला मात्र तो देशोदेशी हुडकत राहिला. एडविनने अखेर ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचा आसरा घेतला. एथेलफ्रिथने रेडवाल्डकडे धनाचे आमिष पाठविले: एडविनला मारा किंवा माझ्या हवाली करा. रेडवाल्डचे मन डळमळले. तेव्हा त्याच्या राणीने त्याला सुनावले की, सोन्यासाठी पाहुण्याचा घात करणे राजाला शोभत नाही. ही राणी ख्रिस्ती नव्हती, हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. रेडवाल्डने सैन्य उभारले आणि इ. स. ६१६ च्या सुमारास आयडल नदीकाठी एथेलफ्रिथ मारला गेला. एडविन नॉर्थंब्रियाचा राजा झाला. आता पळण्याची पाळी एथेलफ्रिथच्या मुलांवर आली. ऑस्वाल्ड व ऑस्वी हे दोघे आयर्लंडमधून आलेल्या लोकांच्या आश्रयाला, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे गेले. संत कोलंबा यांनी इ. स. ५६३ मध्ये स्थापन केलेल्या आयोना मठाचा प्रभाव त्या प्रदेशावर होता. तिथेच या राजपुत्रांचा स्नानसंस्कार झाला.

इकडे एडविनने केंटची ख्रिस्ती राजकन्या एथेलबर्गा हिला मागणी घातली. तिने आपला धर्म पाळावा ही अट मान्य झाल्यावर इ. स. ६२५ मध्ये बिशप पॉलिनस तिच्यासोबत उत्तरेत आले. पोप पाचवे बोनिफेस यांनी एडविनला पत्र लिहिले, राणीलाही लिहिले, आणि राणीसाठी चांदीचा आरसा व सोन्याने मढविलेली हस्तिदंती फणी पाठविली. एडविनला घाई नव्हती.

६२६ च्या ईस्टर सणाच्या दिवशी वेसेक्सच्या राजाचा एक दूत दरबारात आला. निरोप सांगता सांगता त्याने अंगरख्याखालून विषारी कट्यार उपसली. लिल्ला नावाचा थेन जवळ होता, हाती ढाल नव्हती. त्याने स्वतःचे शरीर मध्ये घातले. कट्यार त्याच्या अंगातून आरपार जाऊन राजालाही लागली, इतका तो वार जबर होता. लिल्ला गतप्राण झाला. त्याच रात्री राणीने एका मुलीला जन्म दिला. एनफ्लेड हे तिचे नाव. पेंटेकॉस्टच्या सणाला तिचा स्नानसंस्कार झाला. या मुलीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

पुढच्या वर्षी एडविनने सरदारांची सभा भरविली. जुन्या देवांचा मुख्य पुजारी कोइफी याचा युक्तिवाद विलक्षण व्यवहारी होता: माझ्याइतकी देवांची सेवा कोणी केली नाही, तरी राजाची मर्जी इतरांवरच अधिक, तेव्हा या देवांत काही सामर्थ्य नाही. नाव न नोंदलेल्या एका सरदाराने मात्र हिवाळ्यातील मेजवानीच्या दालनात एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडणाऱ्या चिमणीचा दृष्टान्त दिला. ऊब आणि उजेड क्षणभरच, आधीचे आणि नंतरचे सारे अंधारात. दोघांपैकी कोण अधिक खोलवर पाहत होता, हे सांगायला नको. पण मंदिरात भाला फेकून ते जाळायला निघाला तो कोइफीच. १२ एप्रिल ६२७ रोजी, ईस्टरच्या दिवशी, यॉर्क येथे घाईघाईने उभारलेल्या लाकडी चर्चमध्ये एडविनचा स्नानसंस्कार झाला. यीव्हरिंग येथील राजमुक्कामी तर पॉलिनस सलग ३६ दिवस जवळच्या ग्लेन नदीत लोकांना स्नानसंस्कार देत होते. १९५३ ते १९६२ या काळात तिथे झालेल्या उत्खननात लाकडी दालने आणि सभेसाठी बांधलेली पायऱ्यांची बैठक यांच्या खुणा सापडल्या आहेत.

सहाच वर्षांत सारे कोसळले. १२ ऑक्टोबर ६३३ रोजी हॅटफिल्ड येथे एडविन मारला गेला. त्याच्यावर चालून आलेल्यांत मर्सियाचा पेंडा हा ख्रिस्तीतर होता, पण त्याचा साथीदार, वेल्समधील राजा कॅडवालन, हा ख्रिस्ती होता आणि प्रदेश उजाड करण्यात दोघांपैकी तोच अधिक निर्दय ठरला. एडविनमागून दोन्ही भागांत आलेल्या राजांनी ख्रिस्ती श्रद्धा टाकून दिली आणि वर्षाच्या आत तेही मारले गेले. पॉलिनस राणीला व मुलांना घेऊन समुद्रमार्गे केंटला परतले. मागे राहिले ते जेम्स नावाचे एक उपदीक्षित. कॅटरिकजवळच्या एका गावी राहून ते शिकवीत, स्नानसंस्कार देत आणि लोकांना गायन शिकवीत राहिले. राजाच्या हुकुमाने झालेले धर्मांतर राजाबरोबर गेले. या एका माणसाचे काम टिकले. तीस वर्षांनंतरही ते हयात होते.

संत आणि त्याचे वैरी

ऑस्वाल्डने इ. स. ६३४ च्या सुमारास हॅड्रियनच्या तटबंदीजवळ लाकडी क्रूस उभारला, माती भरेपर्यंत तो स्वतःच्या हातांनी धरून ठेवला आणि मग कॅडवालनचा पराभव केला. आयोनाकडून त्याने बिशप मागविला. ६३५ मध्ये आलेले संत एडन यांनी लिंडिसफार्न या, भरतीच्या वेळी पाण्याने वेढल्या जाणाऱ्या बेटावर मठ स्थापला. एडन यांना इंग्लिश नीट येत नसे. वनवासात आयरिश शिकलेला राजा त्यांच्या शेजारी उभा राहून आपल्या सरदारांना त्यांचे प्रवचन भाषांतर करून सांगत असे. आजच्या धर्मगुरूला असा दुभाष्या मिळणे कठीणच!

परंतु हाच ऑस्वाल्ड दुसऱ्या बाजूने कसा दिसत होता? केंटमध्ये विधवा एथेलबर्गाने आपला लहानगा मुलगा आणि एडविनचा नातू यांना फ्रान्समध्ये राजा डॅगोबर्टकडे पाठवून दिले. ऑस्वाल्ड त्यांना जिवंत ठेवील, याची तिला खात्री नव्हती. ती मुले तिथेच बालपणी वारली. ही नोंद बीड यांनीच केली आहे, आणि ऑस्वाल्डविषयी त्यांना किती आदर होता हे पाहता ती महत्त्वाची आहे. पुढे पेंडाने ऑस्वाल्डला ठार करून त्याचे मस्तक व हात खांबांवर टांगले. वर्षभराने ऑस्वीने ते सोडवून आणले. मस्तक लिंडिसफार्नला ठेवण्यात आले. तेथून संत कथबर्ट यांच्या शवपेटीतून प्रवास करीत ते अखेर डरहॅमला पोहोचले. बऱ्याच वर्षांनी ऑस्वीची मुलगी ऑस्थ्रिथ, जी मर्सियाची राणी झाली होती, हिने काकाच्या अस्थी लिंडसी प्रांतातील बार्डनी मठात पाठविल्या. संध्याकाळी गाडी दाराशी आली; मठवासियांनी दार उघडले नाही. हा पुरुष पुण्यवान होता हे त्यांना ठाऊक होते, पण परका राजा म्हणून त्याने आमच्यावर राज्य केले, हा सल जात नव्हता. गाडी रात्रभर तंबूच्या आच्छादनाखाली बाहेरच उभी राहिली. गाडीवर रात्रभर तेजाचा स्तंभ उभा होता असे बीड सांगतात. सकाळी मठवासी स्वतःच अस्थींची याचना करू लागले.

गिलिंग

ऑस्वीकडे बर्निशिया आले. देइरात एडविनच्या घराण्यातील ऑस्विन राजा झाला. ऑस्वीने केंटहून एनफ्लेडला, म्हणजे लिल्ला मेला त्या रात्री जन्मलेल्या एडविनच्या मुलीला, लग्न करून आणले. तिच्या वडिलांनी ज्याला युद्धात मारविले, त्याच एथेलफ्रिथचा हा मुलगा. वैर मिटावे, निदान देइराच्या सरदारांनी आपल्याला मानावे, हा हेतू उघड होता.

पण ऑस्विन लोकप्रिय होता. उंच, देखणा, गोड बोलणारा. दूरदूरच्या प्रांतांतून सरदार त्याच्या चाकरीला येत. त्याने बिशप एडन यांना एक उमदा घोडा दिला. वाटेत भिकारी भेटताच एडन यांनी तो सजविलेल्या खोगिरासकट देऊन टाकला. ऑस्विनला राग आला. एडन यांनी विचारले की, घोडीचे पोर राजाला देवाच्या लेकरापेक्षा प्रिय आहे काय? राजा शिकारीहून आला होता. शेकोटीपाशी थोडा वेळ उभा राहिला, मग तलवार सोडून बिशपांच्या पायांशी बसला व क्षमा मागितली. जेवताना राजा आनंदात होता. बिशपांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. असा नम्र राजा या लोकांत फार दिवस जगणार नाही, असे ते आपल्या धर्मगुरूला आयरिश भाषेत म्हणाले, म्हणजे इतरांना कळू नये.

इ. स. ६५१ मध्ये ऑस्वीने सैन्य उभे केले. त्याचे बळ मोठे आहे हे पाहून ऑस्विनने रक्तपात टाळण्यासाठी आपल्या लोकांना घरी पाठविले आणि टोंढेर नावाच्या एकाच शिलेदारासह हुनवाल्ड या गेसिथच्या घरी लपला. हा सरदार आपला जिवाभावाचा आहे, असा त्याचा समज होता. हुनवाल्डनेच बातमी पोहोचविली. ऑस्वीचा रीव्ह एथेलविन याने २० ऑगस्टला गिलिंग येथे ऑस्विनला ठार केले; टोंढेरही धन्यासोबत मारला गेला. एका घरात एक शिलेदार धन्यासाठी मरतो आणि दुसरा त्याला विकतो, अशी ती घटना आहे. अकरा दिवसांनी, ३१ ऑगस्टला, एडन यांनीही देह ठेवला.

आता सूड घ्यायचा तर कोणी? मृताची सर्वांत जवळची आप्त खुद्द मारणाऱ्याची पत्नी होती. एनफ्लेडने सूड मागितला नाही आणि मौनही पत्करले नाही. तिने पतीकडे गिलिंगची जमीन मागितली. तिथे मठ उभा राहिला, आणि मठाधिपती म्हणून नेमले गेले ट्रुमहेर, जे स्वतः ऑस्विनचे नातलग होते. म्हणजे भरपाई योग्य त्या कुळाकडे गेली. परंतु मठाचे काम त्याहून निराळे ठरले: मारलेला राजा आणि मारणारा राजा या दोघांसाठीही तिथे नित्य प्रार्थना व्हायची. ऑस्वीला शिक्षा झाली नाही, त्याचे राज्य गेले नाही. उलट तो अधिक बलाढ्य झाला. गिलिंगच्या मठाने न्याय केला असे म्हणता येणार नाही. पण खुनाला खूनच म्हटले गेले, तेही खून करणाऱ्याच्या खर्चाने आणि रोजच्या रोज.

एनफ्लेड केंटमध्ये रोमन पद्धतीत वाढली होती, ऑस्वी आयरिश पद्धतीत. दोन्हींचे ईस्टरचे गणित वेगळे असल्याने कधी असे घडे की, राजा ईस्टरची मेजवानी करी तेव्हा राणीचा झावळ्यांचा रविवार असे आणि तिचा उपवास चालू असे. ६६४ मध्ये व्हिटबी येथे, मठाध्यक्षा संत हिल्डा यांच्या मठात, धर्मपरिषद भरली. हिल्डा या एडविनच्या भावाची नात. आयरिश बाजूने बिशप कोलमन बोलले, रोमच्या बाजूने विलफ्रिड. स्वर्गाच्या किल्ल्या संत पेत्राकडे आहेत हे दोन्ही पक्षांना मान्य आहे ना, एवढेच ऑस्वीने विचारले आणि द्वारपालाला दुखविण्याची आपली तयारी नाही, असे म्हणून निकाल दिला. त्यात राजकारण असेल. पण आपल्या दोषांची जाणीव असलेल्या माणसाला त्या दाराची काळजी वाटावी, हेही खरेच.

भरपाई स्वीकारणारा राजा

इ. स. ६७९ मध्ये ट्रेंट नदीकाठच्या लढाईत ऑस्वीचा धाकटा मुलगा, सुमारे अठरा वर्षांचा एल्फविन, मर्सियाच्या सैन्याकडून मारला गेला. त्याचा भाऊ राजा एग्फ्रिथ सूड घेणार हे निश्चित होते. तेव्हा कँटरबरीचे महागुरुस्वामी थिओडोर मध्ये पडले. संत पौलाच्या टार्सस गावचे हे वयोवृद्ध बिशप. त्यांनी एग्फ्रिथला जिवाच्या बदल्यात जीव न घेता ठरलेली रक्कम स्वीकारायला राजी केले आणि दोन राज्यांत दीर्घकाळ शांतता राहिली.

त्याच लढाईत एल्फविनचा एक थेन, इम्मा, जखमी होऊन पडला. पकडला गेल्यावर त्याने आपण सैन्याला शिधा पुरविणारा गरीब शेतकरी असल्याचे सांगितले. मर्सियाच्या एका गेसिथने त्याच्यावर उपचार केले. पण चेहरा, वागणे, बोलणे यांवरून हा खानदानी माणूस आहे हे उघड झाले. सत्य कळल्यावर तो गेसिथ म्हणाला की, माझे सारे भाऊ व आप्त त्या लढाईत पडले, तेव्हा तू मरणास पात्र आहेस. पण अभय दिले ते मोडणार नाही. त्याने इम्माला लंडनला एका फ्रिजियन व्यापाऱ्याला विकले. नवल असे की, त्याच्या बेड्या सकाळी एका ठराविक वेळी गळून पडत. इम्माचा भाऊ टुन्ना हा धर्मगुरू व मठाधिपती होता. भाऊ मेला असे समजून तो त्याच्या आत्म्यासाठी वारंवार मिस्साबलिदान अर्पण करीत असे. पुढे घरी परतल्यावर दोघांनी वेळ ताडून पाहिली.

वैर यामुळे कायमचे संपले असे मात्र नाही. काकाच्या अस्थी बार्डनीला पाठविणारी राणी ऑस्थ्रिथ हिला ६९७ मध्ये मर्सियाच्या सरदारांनीच ठार केले. मठांच्या नावाखाली करमुक्त जमिनी मिळवून त्या घराण्यात ठेवणारे सरदारही निपजले. ७३४ मध्ये बिशप एग्बर्ट यांना लिहिलेल्या पत्रात बीड यांनी त्यांच्यावर कडक ताशेरे ओढले आहेत. पण ऑस्वीच्याच पदरचा थेन बेनेडिक्ट बिस्कप याने पंचविशीच्या सुमारास जमीन व चाकरी सोडून रोमची वाट धरली. त्याने वेअरमाउथ आणि जॅरो हे मठ उभारले, रोमहून ग्रंथ आणले. ते ग्रंथ नसते तर बीडही घडले नसते. राज्याचा शेवट व्हायकिंग आक्रमकांनी केला: ७९३ मध्ये लिंडिसफार्न लुटले गेले, ८६६ मध्ये यॉर्क पडले.

ऑस्वीला अखेरच्या दिवसांत रोमला जाऊन तिथेच मरण्याची इच्छा होती. आजारपणाने ती पूर्ण झाली नाही. १५ फेब्रुवारी ६७० रोजी, ५८ व्या वर्षी तो वारला व व्हिटबी येथे पुरला गेला. एनफ्लेड त्याच मठात दाखल झाली. पेंडावर विजय मिळाल्यास देवाला अर्पण करीन असा नवस ऑस्वीने जिच्याविषयी केला होता, ती जेमतेम वर्षाची मुलगी एल्फ्लेड तिथेच वाढली होती आणि पुढे मठाध्यक्षा झाली. मायलेकींच्या काळात एडविनचे अवशेष शोधून व्हिटबीला आणण्यात आले. अशा रीतीने संत पेत्राच्या नावे असलेल्या त्या एकाच चर्चमध्ये एडविन, त्याच्या वैऱ्याचा मुलगा ऑस्वी, दोघांना जोडणारी एनफ्लेड आणि तिची लेक एल्फ्लेड यांच्या कबरी होत्या. आज व्हिटबीच्या कड्यावर दिसणारे उंच भग्नावशेष मात्र त्या काळचे नाहीत. ते नंतर उभ्या राहिलेल्या आणि १५३९ मध्ये राजाज्ञेने बंद झालेल्या बेनेडिक्टाइन मठाचे आहेत.